चादरीच्या दोन बाजू, माझी दोन मॉड्यूल

मंडळी, आज डोकं पार चक्रावलंय.

लक्ष्मीअक्कांच्या चादरीच्या कारखान्यासाठी मी नक्षी काढायचं सॉफ्टवेअर बनवलंय. सगळा कोड एकाच फाईलीत, नुसता गुंता. म्हणून आठवडाभर बसून दोन वेगळी मॉड्यूल, म्हणजे कोडचे स्वतंत्र भाग, केली: एक चादरीच्या सुलट्या बाजूचं, एक उलट्या बाजूचं. एकाला हात लावला तरी दुसरं बिघडणार नाही!

आज अक्कांना दाखवलं. त्यांच्या सासऱ्यांनी सत्तरच्या दशकात काढलेला मोर स्क्रीनवर उघडला. सुलट्या बाजूला हिरव्यावर लाल मोर, उलट्या बाजूला लालवर हिरवा. मी सुलटीकडचा मोर निळा केला. उलटी बाजू जशीच्या तशी. मी खूश!

अक्का म्हणाल्या, "अवो, मोर निळा केला, मग मागं अजून लालच कसं? दोन्हीकडं धागा तोच हाय की!"

"मग दोन्ही बाजू एकत्र करू?"

"नको! वेगळ्याच ठेवा. पण हितं बदललं की तितं आपोआप बदलाय पाहिजे."

उद्या नमुना मागावर चढायचाय, आणि मी घरी चादर पसरून बसलोय. कोड कुठं तोडायचा ते राहू द्या; जन्मभर पांघरली, पण हिची सुलटी बाजू कुठली तेच कळेना.

तुम्ही कुठली बाजू वर घेता?