पुढच्या खोलीतला सराव

माझी भाची समुपदेशक आहे, म्हणजे लोकांना बोलतं करण्याचा पगार घेते, आणि तिच्याशी बोलणं हाच एक वैताग आहे. चहा घेणार का विचारावं, तर म्हणते, "तू घेणार आहेस का, मावशी?" पडदे कुठल्या रंगाचे लावू विचारलं, तर म्हणाली, "तुला कुठला रंग आवडेल?" मला ठाऊक असतं तर तिला कशाला विचारलं असतं? आमच्या शाळेतल्या सिस्टर प्रश्नाचं उत्तर पूर्ण वाक्यात मागत. ही पूर्ण वाक्यात प्रश्न परत करते.

लहानपणापासून हीच तऱ्हा. माझी बहीण म्हणायची, "कार्टी भांडतसुद्धा नाही, नुसती ऐकून घेते. त्यानेच डोकं उठतं." पुढे बँकेत लागली, तर लोक काउंटरवर तिला घरची रडगाणी सांगत बसायचे आणि मागे रांग वाढायची. शेवटी साहेबच म्हणाले, बाई, तुम्ही दुसरं काही तरी करा. ते तिने मनावर घेतलं, पुन्हा कॉलेजात गेली आणि मुलींच्या शाळेत रुजू झाली. शनिवारी दुपारी माझी पुढची खोली तिच्या ताब्यात असते. गोलात खुर्च्या, मधे पाण्याचा जग, आणि मन खचलेल्या किंवा खचायच्या बेतात असलेल्या सहा-सात मुली. दारात चपलांचा असा पसारा की मला माझ्याच घरात वाट काढत जावं लागतं.

त्यातच समोरच्या शिवणवाल्या बाईंची मुलगी होती. निळा स्वेटर, बाह्या बोटांवर ओढलेल्या. शाळेत जाईना, ताटातलं नुसतं चिवडायची, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची. डॉक्टरांनी तपासून तिला या गटात पाठवलं होतं. गटात आयांना प्रवेश नाही, म्हणून बाई व्हरांड्यात शर्टांची काजं करत बसायच्या.

"बोलून काय होतं हो, काकू?" त्या मला विचारायच्या. "बोलायचं तर घरी माणसं नाहीत का?"

"मला काय विचारता? मी नुसती खोलीवाली."

भाचीची एक पद्धत आहे. घरी जे बोलायला जीभ रेटत नाही, ते मुलींनी आधी गटात बोलून बघायचं. त्यासाठी दुसरी एखादी मुलगी आई होते. त्या शनिवारी आई झाली होती एक गुटगुटीत मुलगी. तिला सगळ्या रेडिओ म्हणतात, कारण ती बंद होत नाही. खिडकी उघडी होती. आतून तिचा आवाज आला, "तुला काय कमी आहे गं? मी या मशीनवर पाठ मोडून घेते, ती कोणासाठी?" आणि मुली खिदळल्या.

बाईंच्या मांडीवरचा शर्ट खाली पडला. "माझी नक्कल करतात," म्हणत त्या आत शिरल्या आणि मुलीचं मनगट धरलं. "चल. आईचा तमाशा करायला शिकवतात इथे."

भाची दारात आडवी येईल असं मला वाटलं. कसली येतेय. ती हळू आवाजात एवढंच म्हणाली, "ताई, ती यावर काय उत्तर देणार होती, ते ऐकायचं होतं का तुम्हाला?"

"नाही," बाई म्हणाल्या, आणि गेल्या.

पुढच्या शनिवारी एक खुर्ची रिकामी. मी भाचीला फैलावर घेतलं. "पोरीचं काही बरंवाईट झालं म्हणजे? ओढून आण तिला."

"तसा धोका दिसला तर मी सगळ्यात आधी आईलाच सांगेन, मावशी. डॉक्टरांशी बोलले आहे. त्यांच्या घरीही जाऊन आले. दार उघडलं नाही. उद्या परत जाईन." एवढं सरळ उत्तर तिने मला जन्मात पहिल्यांदा दिलं, त्यामुळे मी जास्तच धास्तावले.

पण त्याच संध्याकाळी शिवणवाल्या बाई स्वतःच आल्या. बसल्या नाहीत. "ती घरात शब्द बोलत नाही, मॅडम. जेवण पण बंद केलंय. ती त्या दिवशी काय बोलणार होती, तेवढं सांगा."

"ते तिचं आहे, ताई. मी नाही सांगू शकत."

माझा संयम सुटला. "अगं, आई आहे ती. सांगून टाक ना."

"तिलाच विचारता येईल," भाची बाईंना म्हणाली. "आधी इथे विचारून बघा. मावशी, तू मुलगी हो."

या वयात मला निळ्या स्वेटरमधली पोर व्हायचं होतं. मी कुरकुरत खुर्चीत बसले. बाई समोर बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "तुला काय कमी आहे गं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि काही सुचेना. काहीच कमी नाही म्हणावं, तर पडून राहायचा हक्क जातो. अमुक कमी आहे म्हणावं, तर समोरची बाई मशीनवर आणखी वाकणार. मग त्यांचाच चेहरा उतरला.

"रोज असंच होतं," त्या म्हणाल्या.

"दुसरं काही विचारून बघा," भाची म्हणाली.

बाईंनी पदर पुन्हा सारखा केला आणि त्या म्हणाल्या, "काय होतंय तुला?"

"सांगता येत नाही," मी म्हणाले. ते खरंच होतं. बाईंच्या ओठांवर पुढचं वाक्य आलेलं मला दिसलं. त्यांनी ते गिळलं.

दोन दिवसांनी मी पडदे शिवायला टाकायला गेले. मशीन बंद होतं. "विचारलं," बाई म्हणाल्या. "म्हणाली, आई, सकाळी उठले की वाटतं कशाला उठले. मला वाटलं, हिला चांगली गदागदा हलवावी. नाही हलवली. मग म्हणाली, तू कामाचं बोललीस की मला वाटतं मी नसते तर तुला एवढं करावं लागलं नसतं." त्यांनी मशीनचं चाक उगाच फिरवलं. "बसले तिच्याजवळ. मग मॅडमना फोन केला. डॉक्टरांकडे जाऊन आलो आम्ही."

शनिवारी निळा स्वेटर परत आला. चपला नेमक्या उंबऱ्यावर काढल्या. पोर अजून सुकलेलीच दिसत होती, आणि बाई व्हरांड्यात खिडकीपासून लांबच्या टोकाला जाऊन बसल्या होत्या. भाचीला मी म्हणाले, "सुधारेल ना गं ती?"

"तुला काय वाटतं, मावशी?"

मी चपला उचलून बाजूला ठेवल्या आणि आत गेले.