देगलूरच्या माणसाचा हेवा

देवीपुढे हात जोडताना माझ्या मनात काय होतं, ते सांगायची मला बरीच वर्षं लाज वाटली. मी तिच्याकडे बरं होणं मागत नव्हतोच. माझ्या वयाचे सगळे धडधाकट असताना मलाच का, एवढंच विचारत होतो.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता आणि आमच्या रेणापूरकडे सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. मी शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झालेलो. लघवी अडायची, कंबर इतकी ठणकायची की टँकर आला की बायकोलाच घागरी घेऊन पळावं लागे. माझ्याहून थोरले शेजारी भरली घागर खांद्यावर टाकून चालले की माझा जळफळाट व्हायचा. लातूरच्या डॉक्टरांनी तपासून नांदेडला धाडलं.

तिथल्या सर्जननी आडपडदा ठेवला नाही. "गुरुजी, प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, हाडांपर्यंत गेलाय. पुरुषाच्या अंगातलं हार्मोन एकटंच हा आजार करतं असं नाही, पण झालेली गाठ त्याच्यावर पोसते. ते बहुतेक अंडकोषांतच तयार होतं. ते काढले की गाठीची उपासमार होईल, दुखणं उतरेल. कायमचं बरं होईल, असं मात्र मी म्हणणार नाही."

ऑपरेशनच्या संमतीपत्रावर मी सही केली नाही. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. देवीला म्हणालो, काहीतरी खूण दे, नाहीतर मला असाच ने.

त्या दोन दिवसांत वॉर्डात एक माणूस सारखा ये-जा करत होता. देगलूरच्या बाजारात हमाली करणारा शंकरअण्णा. रुंद छाती, भरघोस मिशा. दुष्काळामुळे दवाखान्याच्या नळाला पाणी नव्हतं, तर हा खालच्या हौदावरून बादल्या आणून प्रत्येक खाटेशी ठेवायचा. ही कौतुकानं म्हणाली, "किती करतो हो बिचारा!" ते 'बिचारा' मला झोंबलं. त्यानं आणलेलं पाणी मी प्यालो नाही. देवी माझ्यासमोर मुद्दाम असा गडी नाचवते आहे, असं वाटून तिचाही राग आला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या खाटेवर येऊन बसला.

"गुरुजी, सही करून न्हाई राहिले म्हणं?"

"तुला काय कळणार त्यातलं?" मी तुटकपणे म्हणालो.

तो हसला नाही. हळूच म्हणाला, "माझं तीन सालाखाली झालं. ह्याच डॉक्टरनं केलं. तपासायला आलो, दोन दिस थांबा म्हणले, तवर पाणी भरून राहिलो."

मी त्याच्या मिशांकडे बघतच राहिलो.

"पयलं दोन पोती उचलायचो, आता एकच. अंगातून मधीच वाफा निघतेत. बाकी मी हाय तोच हाय. खरं सांगू? तुमच्याकडं बघून लई जळत होतो. तुमची बाई उशाशी बसून हाय. मी आपरेशनला एकटा आलो, एकटा गेलो. घरवाली आधीच वारली होती."

दोन दिवस ज्याच्या पाण्याला मी हात लावला नव्हता, त्याच्याकडेच तांब्या मागितला आणि संध्याकाळी सही केली.

शस्त्रक्रियेनंतर आठवड्याभरात कंबरेची कळ ओसरली. रेणापूरला परतल्यावर मलाही भर सकाळी घामाच्या वाफा यायला लागल्या. ही पदरानं वारा घालत म्हणाली, "पाळी जाताना मला असंच होत होतं तेव्हा तुम्ही म्हणायचात, नाटकं करते. आता कळलं?" कितीतरी महिन्यांनी आम्ही दोघं मोठ्यानं हसलो.

शंकरअण्णा नेमका तेव्हाच भेटला, याला चमत्कार म्हणायचं की नाही, मला ठाऊक नाही. गाठ पुन्हा डोकं वर काढू शकते, हेही ठाऊक आहे. हेवा तर अजून अधूनमधून येतोच. एखादा म्हातारा तरातरा चालताना दिसला की येतो. तेव्हा तो हेवाही देवीच्या पायाशी ठेवतो, फुलासारखा नाही, आहे तसा ओंगळ. माझ्याकडचं वाईटही तिनं घ्यावं, एवढा विश्वास आता बसला आहे.