मीच टाईप केलेला नकार

आमच्या गावचा सामूहिक वनहक्काचा दावा नामंजूर झाल्याचं पत्र मीच टाईप केलं. मी पुण्यात सरकारी कार्यालयात लिपिक आणि माहेर वेल्ह्यापलीकडची महादेव कोळ्यांची वस्ती. वस्तीमागच्या रानातला हिरडा कुणा एकाचा नसतो. सगळ्या घरांनी मिळून दिवस ठरवायचा, मगच झाडाला हात लावायचा. लहानपणी मी आधीच ओटीभर वेचून आणला, तेव्हा आईनं तो मला सगळ्यांच्या ढिगात ओतायला लावला होता. त्याच रानाबद्दल आता मी लिहीत होते, 'कागदोपत्री पुरावा नाही.'

"साहेब, म्हाताऱ्या माणसांचे जबाबही पुरावा म्हणून चालतात," मी म्हणाले.

"बाई, आपण टेबलाच्या अलीकडच्या की पलीकडच्या?" साहेबांनी मान वर न करता विचारलं.

मी पत्र पूर्ण केलं.

आठवड्यानं माझे चुलते स्वारगेटला उतरून कर्वेनगरला घरी आले. पिशवीतून तेच पत्र काढलं.

"वाचून सांग, पोरी. साहेबाची भाषा हाय."

मला ते पाठच होतं. अर्ध्यावर मी कागद खाली ठेवला.

"तात्या, हे मीच टाईप केलंय."

त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला. "मग कुठं अडलंय ते तुला ठावं हाय. आता फिरून करायचा आमचा अर्ज तूच लिव."

त्यांना नाही म्हणायला माझं तोंड नव्हतं आणि हो म्हटलं तर नोकरी पणाला लागत होती. मी चार पानं लिहिली. माझं अक्षर ऑफिसात सगळे ओळखतात, म्हणून कॉलेजातल्या लेकीला उतरवून काढायला सांगितलं.

"आई, आपण चोरी करतोय का?" तिनं विचारलं. मी पुढचं पान तिच्याकडे सरकवलं.

तो अर्ज फिरून माझ्याच टेबलावर आला. मी आवक शिक्का मारला. साहेबांनी वाचला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "लिहिणारा आतला दिसतो." मग आमच्या रानाच्या पाहणीला ऑफिसची गाडी गेली, तिच्यात मला जागा नव्हती.

देवराई आणि पाणवठा गावाला मिळाला, हिरड्याचं रान वगळलं. तेही पत्र मीच टाईप केलं.

परवा तात्यांचा फोन आला. "उरलेल्यासाठी पुन्यांदा लिवशील ना?"

साहेब समोर उभे होते. "ऑफिसात आहे, नंतर करते," म्हणून मी फोन ठेवला. अजून केलेला नाही.