डावीकडची काळी पट्टी

भूत, भानामती सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली आहे. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. अंबाजोगाईला बी.एस्सी. कॉम्प्युटर केलं, आणि ते मी मिरवून सांगतो. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय… पण घडलं ते घडलं.

आष्टी तालुक्यात आमचं गाव. मी घरूनच एका कंपनीचं काम करतो. घरात मी आणि आबा, म्हणजे माझे वडील. मी कडेवर होतो तेव्हाच माय उसाच्या फडावर तापानं गेली. तिचा फोटो नाही. म्हणजे, होता — दोघांचा, फडावरच कुणीतरी काढलेला. पण पाचटाच्या कोपीत, म्हणजे फडावरच्या खोपटात, पाणी शिरलं आणि तिच्या बाजूचा अर्धा फोटो कुजला. आबांनी तो कापून टाकला, स्वतःचा अर्धा ठेवला. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. त्या तुकड्याला आबा 'अर्धा कोयता' म्हणतात.

तोच तुकडा मोबाइलवर काढून मी लॅपटॉपला वॉलपेपर ठेवलाय.

गेल्या उन्हाळ्यात कामासाठी रुंद मॉनिटर घेतला. लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स. सकाळची वेळ, दार उघडं, अंगणात लख्ख ऊन. केबल जोडली, तर लिनक्सला मॉनिटरची खरी रुंदीच ओळखू येईना. चित्र नुसतं आडवं ताणलेलं. आबा चहाचा कप घेऊन आले आणि थबकले.

"आरं, ह्यो गुबगुबीत गडी कोण?"

"तुम्हीच की आबा."

"मी? जलमात एवढं खाल्लं न्हाई मी!" खो खो हसले. मग म्हणाले, "मला कावून फुगवतो लेका? तेवढी जागा तिला दे की."

मी हसलो. ते नाही हसले.

"खरं सांगू? तिचा आवाज आठवतो. तोंड आता नीट आठवत न्हाई."

मी टर्मिनल उघडलं. योग्य रुंदी कमांड देऊन हातानं सांगावी लागते, ती टाइप करत बसलो. तेवढ्यात अंगणात शेळी सुटली. कप ठेवून आबा तिच्यामागं धावले. मी एंटर दाबलं.

पडदा काळा झाला. मग मधोमध आबा आले — सडपातळ, होते तसे. तुकडा अरुंद, म्हणून दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या यायला हव्या होत्या. उजवीकडे आली. डावीकडे मात्र ऊस होता. उसापुढे एक बाई. डोईवर पदर, कडेवर लेकरू, बोटाला लाल फडकं. कॅमेऱ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. आबांकडे बघून हसत होती.

"आबा!" मी ओरडलो. मॉनिटर एकदा लुकलुकला. ते उंबऱ्यात आले तेव्हा तिथं नुसती काळी पट्टी.

"काय झालं?"

"आबा… मायच्या बोटाला लाल फडकं होतं?"

त्यांच्या हातातलं दावं गळून पडलं. "फोटोच्या दिशीच कोयता लागलता तिला. माझ्या पटक्याचं टोक फाडून बांधलं. तुला कुणी सांगितलं?"

कुणीच नाही.

फाईल तपासली — तेवढाच अर्धा तुकडा. केबल बदलून पाहिली. ग्राफिक्सच्या मेमरीत जुनं चित्र राहतं कधी कधी, हे मला माहीत आहे. पण जे त्या लॅपटॉपमध्ये कधी गेलंच नाही, ते राहील कसं? शिकलो तेवढं सगळं लावून पाहिलं. उत्तर नाही.

आबांनी एकदाच विचारलं, "हसत व्हती म्हणतोस?"

"तुमच्याकडे बघून."

लॅपटॉप बंद केला की ती कमांड पुसली जाते. ती स्टार्टअपला टाकली, म्हणजे आपोआप चालेल अशी केली, की रोजची कटकट मिटेल. मला येतं ते. टाकलेली नाही. रोज सकाळी आबा शेळीला दोन गाठी मारून येतात, माझ्या खुर्चीमागं उभे राहतात, आणि पडद्याच्या डाव्या बाजूला नजर लावून म्हणतात,

"हं… दाब आता."