विमान गेल्यावरचं ‘असो’

मी स्वभावानं संशयी आहे. मराठी शिकवणाऱ्या माणसानं तसं असावंच, असं मला अजूनही वाटतं. गाइडमधून उतरवलेला निबंध मी दुसऱ्या ओळीत पकडते आणि आईनं लिहून दिलेला तर पहिल्याच. आईचा निबंध नेहमी जरा जास्त शहाणा असतो. घाटकोपरच्या आमच्या मराठी शाळेत माझ्या या नाकाचा सगळ्यांना धाक होता आणि मला त्याचा अभिमान होता, हे कशाला लपवू?

म्हणून दोन वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात तो टॅब आला, तेव्हा माझ्या मनात लगेच शंकेची पाल चुकचुकली.

तो आला एका मुलीसाठी. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसायची. तिला अक्षरं धड दिसायची, पण जागेवर राहायची नाहीत. ‘मगर’चं ‘गरम’ व्हायचं, ‘जवळ’चं ‘वजळ’. खोडून खोडून वहीच्या पानाला भोकं पडायची. इस्पितळात तपासणी होऊन तसा कागदही आला होता. मी तो वाचला, फाइलला लावला आणि मनात म्हटलं, आमच्या वेळी याला आळस म्हणायचे. हेही आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

आठवड्यातून दोन दिवस एक विशेष शिक्षिका शाळेत यायची. वयानं माझ्या भाचीएवढी, पाठीला सॅक, पायात बूट. तिनंच कुठल्याशा संस्थेकडून हा टॅब मिळवला होता. तो धडा वाचून दाखवायचा आणि मुलगी कानात इअरफोन घालून ऐकायची. त्याच्यासमोर बोललं की तो ते लिहून काढायचा. मुलगी निबंध बोलायची, तो छापून माझ्या टेबलावर यायचा. त्यात स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, पण अक्षर न् अक्षर जागेवर. जिला आठ वर्षांत सरळ चार ओळी लिहिता आल्या नाहीत, तिचं पानभर लेखन.

पहिला निबंध होता ‘आमची वस्ती’. त्यातली सुरुवातीचीच ओळ मला अजून पाठ आहे. ‘वास्तविक पाहता आमच्या वस्तीत सकाळ सूर्याने होत नाही असो नळाने होते.’

मी चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं. वाक्य झकास होतं, म्हणूनच मला ते आवडलं नाही. चौदा वर्षांची पोर ‘वास्तविक पाहता’ म्हणते? आणि पुढे ‘हे विसरून चालणार नाही’ म्हणते? मी लाल पेन काढलं आणि अशा सगळ्या जागा अधोरेखित केल्या. आठ निघाल्या. शिवाय ते ‘असो’. वाक्याच्या मधेच, काहीही कारण नसताना ‘असो’. एका पानात पाच वेळा. माणूस असं लिहीत नाही. मला वाटलं, यंत्र कुठून कुठून तुकडे उचलतं आणि जोडकाम करताना असं फसतं. ते ‘असो’ म्हणजे मला सापडलेले टाके होते.

आजकाल ही यंत्रं काय काय लिहून देतात हे आम्ही ऐकून होतो. स्टाफरूममध्ये मी तो कागद फिरवला. भूगोलाच्या सरांनी वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि हसले. म्हणाले, बाई, मला हा आवाज ओळखीचा वाटतो. मला वाटलं, तेही माझ्याच बाजूनं बोलतायत.

यात नुसत्या गुणांचा प्रश्न असता तर मी अर्धे कापून मोकळी झाले असते. पण दहावीला तिला लेखनिक मिळावा, म्हणजे ती सांगेल ते लिहायला शेजारी माणूस मिळावा, म्हणून शाळेतून कागद जायचे होते. त्यात एक ओळ मराठीच्या शिक्षकासाठी होती. नववीतलं लेखन विद्यार्थिनीचं स्वतःचं आहे, भाषा आणि विचार तिचेच आहेत, असं लिहून खाली सही करायची. माझी सही नसेल तर कागद जाणार नव्हता. लेखनिक नसेल तर ती दहावीला आपटणार होती. आणि आपटली की घरी बसणार होती, तिच्या मोठ्या बहिणीसारखी. हे मुख्याध्यापकांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि त्या मुलीलाही.

मी सही केली नाही. मुख्याध्यापकांना सांगितलं, विचार करते.

मग तिची आई आली. कामावरून तशीच आली असावी, हातात डब्याची पिशवी होती. दारातच उभी राहून म्हणाली, “बाई, तिका लिवूक जमणा नाय, पण ती खोटा करूची नाय.”

मी तिला बसा म्हटलं. शुद्ध मराठीत समजावलं की हा खरं-खोटं करण्याचा प्रश्न नसून पडताळणीचा आहे. तिनं मान डोलावली. माझ्या आडनावाची पाटी टेबलावर होती, तिच्याकडे बघत तिनं विचारलं, “तुमचा गाव खंयचा, बाई?”

“आम्ही इथलेच, घाटकोपरचे,” मी म्हटलं.

माझे वडील मालवणजवळच्या एका खेड्यातून गिरणीत कामाला आले होते. आई मरेपर्यंत मालवणीतच बोलली. मी डी.एड.ला गेले तेव्हा पहिल्याच पाठानंतर परीक्षकांनी सगळ्यांसमोर माझा ‘नाय’ काढून दाखवला होता. त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला आणि घासून घासून भाषा स्वच्छ केली. पण हे सगळं त्या बाईला सांगायची मला काही गरज वाटली नाही.

पडताळणी मी माझ्या पद्धतीनं केली. मुलीला वाचनालयात बसवलं, विषय आयत्या वेळी दिला आणि टॅबचं इंटरनेट बंद केलं. ती बोलायला लागली. टॅबवर काही उमटेना. ती पुन्हा बोलली. पडदा कोराच. मी हाताची घडी घालून बसले होते. मला आनंद झाला होता, तो कबूल करायला आज लाज वाटते. नेट बंद, अक्कल बंद, असं मी मनात म्हटलं.

“बाई, तोंडी सांगू?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, नको, तास संपला.

दुसऱ्या दिवशी ती विशेष शिक्षिका माझ्यावर चालून आलीच. आवाज चढवला नाही, पण सॅक टेबलावर आपटली. या टॅबला मराठी ऐकून लिहायला नेट लागतं, तुम्ही त्याचे कान बंद केलेत, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, आवाज बाहेर जातो आणि अक्षरं होऊन परत येतात, तर येताना तिकडून थोडी हुशारी घेऊन येत नाहीत कशावरून? अगं, तू स्वतः डोळ्यांनी पाहिलंयस का? तिनंही पाहिलं नव्हतं. शेवटी ती म्हणाली, “मग टॅब राहू दे मॅडम. ती सांगेल, तुम्ही लिहा. तुमच्या हातावर तर विश्वास आहे ना?”

यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं.

शनिवारी शाळा लवकर सुटते. रिकाम्या वर्गात मी आणि ती समोरासमोर बसलो. टॅब मी वर्गातल्याच माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवला होता. पर्समधला मोबाइलसुद्धा बंद केला, हसू नका. निळं पेन घेतलं, कागदावर समास आखला आणि विषय सांगितला : मे महिन्याची सुट्टी.

तिनं थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं आणि सुरू केलं. “वास्तविक पाहता सुट्टी मे महिन्यात लागते, पण गावच्या गाडीचं तिकीट मिळालं की ती खरी सुरू होते.”

माझं पेन थांबलं. कपाटाला कुलूप होतं. किल्ली माझ्या कमरेला होती.

मी लिहीत गेले. ती छान बोलत होती, सावकाश, एकेक वाक्य पुरं करून. आणि ती चाल माझ्या ओळखीची होती, पण कुणाची ते आठवेना. तेवढ्यात विमान आलं.

घाटकोपरला आमच्या शाळेवरून विमानं इतकी खालून जातात की पोटाखालची चाकं दिसतात. उतरायची वेळ असली की दर काही मिनिटांनी एक. तेवढा वेळ शिकवणं थांबवायचं, हे आमच्या हाडात भिनलंय. नवा शिक्षक पहिल्या दिवशी विमानाच्या वर ओरडायला जातो, दुसऱ्या दिवशी गप्प राहायला शिकतो.

मुलगी वाक्याच्या मधेच थांबली. तिचा उजवा हात वर गेला. तीन बोटं चिमटीत धरलेली, जणू खडू आहे. नजर छताकडे. विमान गेलं. हात खाली आला.

“असो,” ती म्हणाली आणि वाक्य पुढे सुरू केलं.

“थांब,” मी म्हटलं. “हे ‘असो’ कशाला?”

तिला प्रश्नच कळला नाही. “विमान गेल्यावर म्हणतात ना, बाई. तुम्ही म्हणता. मला वाटलं, लिहिताना पण तसंच असतं.”

तीस वर्षं मी त्या वर्गात उभी आहे. विमान आलं की खडूचा हात वर, विमान गेलं की असो. मला ते ठाऊकच नव्हतं. वर्गातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक होतं, भूगोलाच्या सरांना ठाऊक होतं. ‘वास्तविक पाहता’ माझं होतं. ‘हे विसरून चालणार नाही’ माझं होतं. ज्या मुलीला पुस्तक वाचता येत नव्हतं, तिनं लेखी मराठी कुठून शिकायचं? ती माझ्याकडून ऐकून शिकली होती. मी माझ्याच आठ वाक्प्रयोगांखाली लाल रेघा मारून त्यांना चोरीचा माल ठरवलं होतं.

मी ‘असो’ लिहिलं आणि पुढे सांग म्हटलं. तिनं उरलेला निबंध सांगितला, एका दमात. गावी पोचल्यावरची पहिली सकाळ, काजूच्या बियांचा धूर, आत्याचं भांडण. दीड पान झालं. संशय माझा संपलाच होता. आता सही करायची आणि विषय मिटवायचा, असं मनाशी ठरवून मी पेनाला टोपण लावलं.

“आता वाचून दाखवा, बाई,” ती म्हणाली. “टॅब दाखवतो.”

मी वाचायला लागले. ती डोळे मिटून ऐकत होती, ओठ किंचित हलत होते. आठ-दहा ओळी गेल्या. मी वाचलं, “अंगणात आमसुलं वाळत घातली होती.”

तिनं डोळे उघडले. “मी असं नाय म्हटलं.”

“मग काय म्हटलंस?”

“खळ्यात सोलं सुकत घातलेली.”

मी कागदाकडे पाहिलं. माझंच अक्षर, वळणदार, एकही खाडाखोड नाही. अंगण. आमसुलं. वाळत. एका वाक्यात तीन शब्द बदलले होते आणि बदलताना माझा हात अडखळलासुद्धा नव्हता. तिनं खळा म्हटलेलं मी ऐकलं होतं. लहानपणी सुट्टीत गावी गेलं की आमचा दिवस खळ्यातच उजाडायचा आणि खळ्यातच मावळायचा. तरी कानापासून पेनापर्यंत येताना त्याचं अंगण झालं होतं.

मी विचारलं, “टॅबनं काय लिहिलं असतं?”

“त्याला खळा येत नाय. तो ‘कळ्यात’ लिहितो. मग मी परत बोलते. परत चुकतो. पण तो अंगण नाय लिहीत, बाई.”

मी पर्समधून लाल पेन काढलं आणि माझ्या अक्षरातले ते तीन शब्द खोडले. वर तिचे तीन शब्द लिहिले. मग सोबत आणलेला मुख्याध्यापकांचा तो कागद पुढे ओढला आणि भाषा व विचार तिचेच आहेत, या ओळीखाली सही केली. लेखनिकासाठीच्या सूचना त्याच कागदाला जोडलेल्या होत्या. विद्यार्थ्याचे शब्द जसेच्या तसे उतरवावेत, स्वतःची भर घालू नये. त्या मी कितीदा तरी वाचल्या होत्या, प्रत्येक वेळी दुसऱ्यांसाठी.

ती दप्तर आवरत होती. मला शब्द कळला नसावा असं तिला वाटलं असणार, कारण तिनं मला समजावून सांगायला घेतलं, अगदी माझ्याच पद्धतीनं, एक बोट वर करून. “बाई, खळा म्हणजे घराच्या पुढे असतो ना, सारवलेला...”

“म्हायत आसा माका,” मी म्हटलं.

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग कुलूप लावलेल्या कपाटाकडे, मग परत माझ्याकडे. हे वाक्य नक्की माझंच आहे का, याची खात्री तिला पटत नव्हती.