ताईचा पलंगपोस

आगाशीच्या एसटी थांब्यावर ती मला रोज सकाळी दिसायची. नाव मी कधी विचारलं नाही. बस येईपर्यंत ती क्रोशाच्या सुईने तळहाताएवढा चौकोन विणायची. मग पिशवीतून अर्धवट पलंगपोस काढून चौकोन त्यावर ठेवायची, टाक्याला टाका लावून बघायची, 'च्च' करायची आणि चौकोन सरळ उसवून टाकायची.

शेवटी मला राहवेना. "इतकं छान विणलेलं उसवता कशाला?"

"पलंगपोस ताईने विणायला घेतलेला, लेकीच्या लग्नासाठी. मधेच तिची नजर गेली, म्हणून मी पुरा करते. पण तिचा हात घट्ट, माझा सैल. दिसत नसलं तरी बोटांना कळेल ना तिच्या!"

आपला हात लपवायला एवढं झटणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. पुढे तिने बारीक सुई आणली, तिचेही टाके घट्ट येऊ लागले. उसवणं थांबलं, पलंगपोस वाढू लागला.

लग्नाच्या तोंडावर एकदा ती हसतच आली.

"झाला पुरा? काय म्हणाल्या ताई?"

"सगळ्यावरून हात फिरवला तिने. नि मला म्हणते कशी, 'बाय, माझा तर झालेलाच होता की गं! तू काय केलंस?'"