तोंड बांधलेले महिने

“शुगर आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला सहावा महिना होता. सकाळी लॅबमध्ये ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट झाली होती, म्हणजे उपाशीपोटी गोड पाणी प्यायला देतात आणि मग थांबून थांबून रक्त काढतात. आजाराचं नाव जेस्टेशनल डायबिटीस, गरोदरपणात उद्भवणारा मधुमेह. औषध तूर्त काही नाही, फक्त जेवण.

“वायै कट्टणुम,” त्या तमिळमध्ये म्हणाल्या. तोंड बांधायला हवं. पथ्य पाळण्याला आमच्याकडे असंच म्हणतात. भात थोडा, रात्री बंद, रात्री चपाती. “तुम्ही मराठी लोक, तुम्हाला चपाती काय कठीण?” असं म्हणून त्या हसल्या. तंजावूरच्या राजवाड्यामागची आमची गल्ली मराठा राजांच्या काळापासून भातावर जगलेली. सासूबाईंची, म्हणजे आत्यांची, (आमच्यात सासूला आत्याच म्हणतात) पहिली चपाती पापडासारखी मोडली. यांनी ती सांबारात बुडवून खाल्ली आणि छान झालीय म्हणून सांगितलं.

मग घरात नवी भाषा आली. शुगर कमी आली की ‘गुड’, जास्त आली की ‘काय केलंस?’ लॅबमधला माणूस रक्त काढताना डोळा मिचकावून विचारायचा, काल लाडू चोरलात ना? हे बँकेतून येताना रिपोर्ट आणायचे आणि दारातूनच ओरडायचे, पास! मी शाळेत हिंदी शिकवायची, पास-नापास माझ्या रक्तातच. पहिला नंबर काढायचाच, असं मी मनाशी ठरवलं. खोटं कशाला सांगू, अभिमान वाटायचा. माझ्यासारखं तोंड कुणी बांधलं नसेल, असं मला वाटायचं.

पण आत्यांची भाषा वेगळी होती. पोटुशीच्या मनातलं मारू नये, नाहीतर बाळाचे कान फुटतात, हे त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. आणि मला डोहाळे लागले होते ते नेमके गोडाचे. गूळ वितळताना येणारा वास शेजारून आला की मी खिडकीपाशी जाऊन उभी राहायची. आत्या ते बघायच्या आणि खिडकी लावून घ्यायच्या.

वळैकाप्पु, म्हणजे तमिळ पद्धतीचं डोहाळजेवण, झालं. हातभर बांगड्या भरल्या, पुढ्यात पाच तऱ्हांचे भात मांडले, त्यात तुपाने थबथबलेलं सक्करै पोंगल, म्हणजे गुळाचा भात. मी दहीभाताचा एक घास घेतला आणि पान बाजूला सारलं. बायका म्हणाल्या, केवढा हा मनाचा ताबा. आत्या माझ्याजवळ बसल्या आणि माझ्या पोटाशी वाकून हळूच म्हणाल्या, “रागावूं नको रे बाळा. तुझी अम्मा तुझ्यासाठींच नको म्हणते.”

नववा लागला. एका दुपारी जेवून पडले होते. जेवणानंतर बाळ हमखास लाथा मारायचं, त्या दुपारी मारल्या नाहीत. डाव्या कुशीवर वळून पाहिलं, पाणी पिऊन पाहिलं. आम्ही हॉस्पिटलमध्ये गेलो. स्कॅन करणारे डॉक्टर आधी बोलत होते. मग त्यांनी मशीनचा पडदा माझ्यापासून वळवला तेव्हाच मला कळलं. इंट्रायुटेराइन डेथ, म्हणजे बाळ पोटातच जाणं.

कळा आणायचं औषध लावलं. पलीकडच्या खाटांवरची बाळं रडत होती. माझी मुलगी झाली, दाट केसांची, पूर्ण वाढलेली. नर्सने विचारलं, घेता का? मी तिला घेतलं. ती जड होती आणि अजून गरम होती. याहून जास्त मला लिहिता येत नाही. दूध मात्र वेळेवर आलं, त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

घरी माणसं भेटायला येऊ लागली. कॉफी हातात घेऊन पहिला प्रश्न तोच, “कंट्रोल नव्हतं कां? काय खाल्लेलं?” मी भिंतीकडे तोंड करून पडायची. एकदा आत्याच पुढे झाल्या. “काही खाल्लं नाही तिनं. मीच दिलं नाही,” त्या म्हणाल्या. “उपाशी गेली माझी पोर.” एकाच घरात एकाच मरणाचे दोन आरोप होते, खाल्ल्याचा आणि न खाल्ल्याचा.

मी डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं, माझं काय चुकलं? त्या म्हणाल्या, “जेवणाने जेवढं करता येतं तेवढं तू केलंस. काहींना तेवढ्याने पुरत नाही. आणि कधी कधी कारण आम्हालाही सापडत नाही.” त्यांनी हे सांगितलं, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. पण ते माझ्या आत उतरेना. इतके महिने सगळ्यांनी मला ‘कंट्रोल तुझ्या हातात आहे’ असं शिकवलं होतं. शाबासकी मी घेतली होती, मग दोष कुणाला देणार?

म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या घरात अशी बाई असेल तर तिला पथ्य करू द्या, तपासण्या करा, इन्सुलिन सांगितलं तर घाबरू नका. फक्त बोलताना जपा. ताप चढला तर आपण कुणाला ‘काय चोरलंस’ म्हणतो का? शुगर वाढली, शुगर उतरली, एवढंच म्हणावं. ती तापासारखीच चढते आणि उतरते, त्यात शाबासकी नको आणि चोरी नको. हे मला कळायला फार किंमत पडली. आत्यांना तर ते कधी पटलंच नाही. त्या गोड खायच्या बंद झाल्या आणि कारण विचारलं की दात दुखतो म्हणायच्या.

काही आठवड्यांनी पुन्हा तीच टेस्ट केली. रिपोर्ट नॉर्मल. हा मधुमेह गरोदरपणापुरताच होता, बाळाबरोबर गेला. लॅबमधला माणूस मनापासून खूश झाला. “शुगर गेली, मॅडम. आता काय पाहिजे ते खा,” म्हणाला.

परतताना यांनी मिठाईच्या दुकानासमोर स्कूटर उभी केली. काय घेऊ, म्हणून विचारलं. बिचारे इतके महिने माझ्याबरोबर तेही चहा बिनसाखरेचा पीत होते. मी काचेमागच्या थाळ्या बघितल्या, एकेक करून सगळ्या. खरंच मनापासून शोधत होते. मला कशाचीच इच्छा होईना. तेव्हा कळलं की ते डोहाळे माझे नव्हतेच, तिचे होते.

“घरी चला,” मी म्हटलं.